दोन मिनिटकाट्यांचे घड्याळ

घड्याळ न पाहिल्यामुळे गाडी चुकलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतली काही तर मला कॉलेजात पहिल्या तासाला रोज भेटतात. परंतु घड्याळ नीट निरखून पाहिल्यामुळे ज्याची बस चुकली, असा एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो मी स्वतः.

ही गोष्ट इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरातली. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान गेली बारा वर्षे त्या गावी राहतात. "दादा, एकदा तरी ये. मे महिन्याच्या सुटीत पेपर तपासण्याखेरीज तू करतोस तरी काय?" असे ती दर वर्षी विचारी. अखेर एका वर्षी पेपरांचे गठ्ठे लवकर हातावेगळे केले आणि निघालो.

पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी जवळच्या बाथ गावी जायचे ठरले. बहीण आणि भाची घरून परस्पर बसच्या थांब्यावर येणार होत्या. मी सकाळी गावात एकटा भटकून त्यांना तिथे गाठणार होतो. माझ्या मनगटावर आजोबांचे किल्लीचे घड्याळ असते. आदल्या रात्री त्याला किल्ली द्यायला विसरलो होतो, म्हणून ते बंद होते. खिशातल्या मोबाइलने फोटो काढून काढून मान टाकली होती. इतक्यात कॉर्न स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एका भव्य दगडी इमारतीच्या दर्शनी भागावर मोठे घड्याळ दिसले. मी थांबलो, किल्ली दिली, त्या घड्याळाबरहुकूम आपले घड्याळ लावले आणि भरपूर वेळ आहे म्हणून रमतगमत चालू लागलो. थांब्यावर पोहोचतो तो बहीण कमरेवर हात ठेवून पंढरीच्या विठोबासारखी उभी! बस केव्हाच गेली होती.

"कुठलं घड्याळ बघून आलास?"

"अगं, त्या कॉर्न स्ट्रीटवरचं. हे बघ, मिळवूनसुद्धा घेतलं!"

भाची खो-खो हसू लागली. "मामा, त्याला दोन मिनिटकाटे आहेत! तू चुकीचा बघितलास."

"चुकीचा नाही गं, जुना बघितला," बहीण म्हणाली. "तुझा मामा कॉलेजात जुनी काव्यं शिकवतो. त्याला जुनाच काटा दिसायचा."

त्या दिवशी पुढच्या बसने बाथ पाहिले, ते गाव सुंदरच आहे. पण माझे मन त्या दोन काट्यांत अडकले होते. भाचीच्या शाळेला आठवड्याची सुटी होती. तिचे वय तेरा. मराठी बोलते, पण ते जरासे इंग्रजी हेल काढून. दुसऱ्या दिवशी तिला वाटाड्या करून मी पुन्हा कॉर्न स्ट्रीटवर हजर झालो.

खरोखरच तासकाटा एक आणि मिनिटकाटे दोन! एक लाल, एक काळा. दोघांत दहा मिनिटांचे अंतर. एकमेकांशी अबोला धरलेले पण एकाच बिऱ्हाडात राहणारे दोन भाऊ असावेत, तसे ते अंतर राखून गोल गोल फिरत असतात. पुढे चालतो तो ग्रिनिचची, म्हणजे साऱ्या देशाची वेळ दाखवतो. मागे चालतो तो खास ब्रिस्टलची.

यातले गणित सोपे आहे. सूर्याला एक अंश पश्चिमेकडे सरकायला चार मिनिटे लागतात, आणि ब्रिस्टल हे ग्रिनिचच्या पश्चिमेला अडीच अंशांहून थोडे अधिक आहे. म्हणून ग्रिनिचला दुपारचे बारा वाजल्यावर सुमारे दहा मिनिटांनी ब्रिस्टलला माध्यान्ह होते. हे घड्याळ १८२२ साली बसवले, तेव्हा गावोगावी अशीच ज्याच्या त्याच्या सूर्याची वेळ होती आणि त्यात कोणाचे काही अडत नव्हते. घोडागाडीला दहा मिनिटे इकडची तिकडे झाली तर घोड्याला काय त्याचे! पण १८४१ साली लंडन ते ब्रिस्टल हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मार्ग पुरा झाला. गाडी धावे लंडनच्या वेळेने आणि ब्रिस्टलकर स्टेशनावर येई ब्रिस्टलच्या वेळेने. त्याचे काय होत असेल, हे मी अनुभवाने सांगू शकतो. म्हणून घड्याळात दुसरा काटा आला. पुढे १८५२ च्या सप्टेंबरात शहराने ग्रिनिचची वेळ पत्करली. साऱ्या देशाला कायद्याने एकच वेळ मिळाली ती १८८० साली. आज ह्या मागच्या काट्याने कोणाचेही काम चालत नाही. तरीही तो तिथे आहे आणि चालतो आहे.

भाचीला हे सारे गमतीचे वाटत होते. मला ते घरचे वाटत होते, कारण माझे आजोबाही दोन वेळांत जगलेले गृहस्थ.

आजोबा मुंबईला मूळजी जेठा मार्केटात कापडाच्या एका पेढीवर हिशेबनीस होते. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड. त्यांच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी अजून आहे. तिच्यात मुहूर्ताच्या आकड्यापुढे 'मुंबई टाइम' असे स्वच्छ छापलेले आहे. आजच्या पिढीला हे शब्द कळायचे नाहीत. मुंबईची स्वतःची वेळ होती. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे आणि आपल्या आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. ती बदलण्याचा प्रयत्न पहिल्यांदा केला १८८१ साली, गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे. त्यांनी मुंबईवर अर्ध्या तासाने पुढची मद्रासची वेळ आणली. मुंबईकरांनी ती अशी काही नापसंत केली की १८८३ साली सरकारला माघार घ्यावी लागली. मग १ जानेवारी १९०६ पासून सबंध देशाची प्रमाणवेळ आली. गिरणीचा भोंगा आता एकोणचाळीस मिनिटे आधीच वाजणार म्हणून कामगार बिथरले, आणि महापालिकेने आपली घड्याळे जुन्या वेळेवरच ठेवायचे ठरवले. ही ओढाताण स्वातंत्र्य आल्यानंतरही काही वर्षे चालली होती.

आजोबांच्या लेखी ती कधीच संपली नाही. कोणाकडे उशिरा पोहोचले की म्हणत, "उशीर कसला? मी मुंबई टाइमनं वेळेवरच आलो आहे!" त्यांचे घड्याळ मनगटावर बांधून मी त्या परक्या रस्त्यावर उभा होतो, आणि आपला जुना काटा न टाकणाऱ्या त्या गावाबद्दल माझ्या मनात एकदम आपुलकी दाटून आली.

आपुलकी वाटली की माणूस बारकाईने पाहू लागतो. तशी मी घड्याळावरची नजर काढून खालच्या इमारतीकडे वळवली.

हिचे नाव दि एक्स्चेंज. व्यापाऱ्यांनी जमून सौदे करण्याची जागा. १७४१ साली हिचा पाया घातला आणि १७४३ च्या सप्टेंबरात ती उघडली. त्या वेळी आपल्याकडे चिमाजीअप्पांनी वसई घेतल्याला चार वर्षे झाली होती आणि नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळून तीन. बांधणारा बाथ गावचा जॉन वुड. त्याच्या मुलानेही तोच धंदा केला, म्हणून ह्याला थोरला जॉन वुड म्हणतात. बाथमधल्या ज्या इमारती पाहण्यासाठी आदल्या दिवशी आमची बस चुकली, त्यांतल्या प्रसिद्ध इमारतींचा कर्ताही हाच. दगडही बाथचाच, मधाच्या रंगाचा. ऊन पडले की भिंत आतून उजळल्यासारखी दिसते.

इंग्लंडात १७१४ ते १८३० पर्यंत ओळीने चार जॉर्ज राजे झाले. त्या काळच्या बांधणीला जॉर्जियन म्हणतात. हिचा मोठा गुण म्हणजे शिस्त. दर्शनी भागाच्या मध्यावर एक उभी रेघ ओढली, तर डावीकडे जे आहे तेच बरोबर उजवीकडे. मधोमध भिंतीतून अर्धे बाहेर आलेले खांब, त्यांच्या माथ्यांवर कोरलेली पाने, वर त्रिकोणी शिखर आणि त्यात राजचिन्ह. कुठे आरडाओरड नाही. आपली श्रीमंती हळू आवाजात सांगणाऱ्या माणसासारखी ती इमारत आहे.

आत गेलो. मूळचा हा वर मोकळे आकाश असलेला चौक, भोवती खांबांच्या ओवऱ्या. आपल्या वाड्यांच्या चौकाची आठवण व्हावी अशीच ठेवण. दर्शनी बाजूला एका अंगाला कॉफीचे दुकान आणि दुसऱ्या अंगाला मद्यालय, अशी व्यापाऱ्यांची सोय वुडने मुळातच केली होती. सौदा जमला की कुठे जावे आणि फिसकटला की कुठे जावे, हा विचारही आराखड्यात केलेला! एकोणिसाव्या शतकात इथे धान्याचे व्यापारी बसत. त्याच शतकात चौकावर छप्पर आले. आज इथे सेंट निकोलस मार्केट भरते. टोप्या, खड्यांच्या अंगठ्या, जुनी पुस्तके, आणि मागच्या अंगाला जगातल्या सर्व देशांच्या खाण्याचे ठेले. आम्ही दोघांनी तिथे वाटीभर छोले घेतले आणि पावणेतीनशे वर्षांहून जुन्या दगडी खांबाला टेकून खाल्ले.

इंग्लंडात अशा वास्तूंची सरकारी यादी असते. तिच्यात तीन प्रती. सगळ्यांत वरच्या प्रतीत यादीतल्या इमारतींपैकी शेकडा अडीचच्या आसपासच मावतात. एक्स्चेंज त्यांतली. म्हणजे आत छोले विकायला हरकत नाही, पण परवानगीवाचून तिचे रूप बदलायला पुरेपूर हरकत. ही इमारत आपल्याला पाहायला मिळते हेही भाग्यच म्हणायचे. २४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी ब्रिस्टलवर आग ओतली, आणि इथून हाकेच्या अंतरावरची जुनी बाजारपेठ त्या रात्रीत जळून गेली. आपल्या शनिवारवाड्याचे १८२८ च्या आगीनंतर तट आणि दरवाजे तेवढे उरले. ही इमारत मात्र आगीच्या काठावर उभी राहून वाचली.

दारासमोर रस्त्यावर काशाची चार गोल टेबले आहेत. कमरेएवढी उंच, एका पायावर उभी, वरची तबकडी सपाट आणि तिला कडेने उभा काठ. ह्यांना म्हणतात नेल्स, म्हणजे खिळे. ही इमारतीपेक्षा जुनी. दोहोंवर १६२५ आणि १६३१ ही साले आहेत. एक रॉबर्ट किचिन नावाच्या व्यापाऱ्याने दिलेले. तो १५९४ साली वारला. सगळ्यांत जुन्यावर सालच नाही. पूर्वी ही टेबले जवळच एका छपराखाली होती, १७७१ साली ती इथे आणली. सौदा ठरला की पैसे ह्या तबकडीवर मोजून द्यायचे. नाणे घरंगळू नये म्हणून तो काठ. इंग्रजीत रोखीच्या व्यवहाराला 'खिळ्यावर पैसे देणे' असे म्हणतात, आणि तो वाक्प्रचार ह्या टेबलांवरून आला असे ब्रिस्टलकर अभिमानाने सांगतात. वास्तविक तो वाक्प्रचार ह्या टेबलांहून जुना आहे. पण भाषेच्या प्राध्यापकाने प्रत्येक गावात जाऊन तिथल्या लोकांचा विरस करू नये, म्हणून मी गप्प राहिलो.

मला तर ती कल्पनाच फार आवडली. आमच्या बाजारांत रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरवण्याची रीत होती. तिसऱ्याला पत्ता लागायचा नाही. आणि इथे भर रस्त्यात, चार माणसांदेखत, तबकडीवर टिच्चून पैसे! "ह्याला म्हणतात रोखठोक!" असे मी भाचीला सांगितले आणि व्यापारातल्या सचोटीवर एक छोटेसे व्याख्यान सुरू केले. प्राध्यापकाला खांब दिसला की तो त्याला फळाच समजतो.

भाची ऐकत नव्हती. ती वर पाहत होती.

"मामा, ती डोकी बघ."

खांबांच्या माथ्यांच्या ओळीत कोरीवकामाची एक पट्टी आहे. फळाफुलांच्या माळा, प्राण्यांची तोंडे आणि मधूनमधून माणसांची डोकी. टॉमस पेटी नावाच्या कारागिराचे हे काम. ज्या मुलखांशी ब्रिस्टलचा व्यापार चाले त्यांची ही चिन्हे. आफ्रिका, अमेरिका, आशिया. मघापासून मी तिला 'किती सुबक कोरीवकाम!' असे म्हणत होतो. सुबक ते आहेच.

"आम्हांला शाळेत शिकवलंय," भाची म्हणाली. "आफ्रिकेशी कसला व्यापार होता, ते."

मलाही ते ठाऊक होते. पुस्तकात वाचलेले होते. पण मधाच्या रंगाच्या त्या भिंतीखाली उभा असताना ते माझ्या मनात आले नव्हते, ही गोष्ट मला तेरा वर्षांच्या मुलीपुढे कबूल करावी लागली.

लंडनच्या एका कंपनीची मक्तेदारी १६९८ साली मोडली आणि गुलामांच्या व्यापाराचे दार ब्रिस्टलला उघडले. तेव्हापासून १८०७ साली हा व्यापार कायद्याने बंद होईपर्यंत, ब्रिस्टलच्या जहाजांनी ह्या कामासाठी दोन हजारांहून अधिक सफरी केल्या. त्यांतून सुमारे पाच लाख आफ्रिकी माणसे जहाजांच्या पोटात घालून नेली. कापड, पितळेची भांडी, बंदुका घेऊन जहाज आफ्रिकेला जाई. तिथून माणसे भरून वेस्ट इंडीज आणि अमेरिकेला. तिथून साखर, तंबाखू घेऊन घरी. ही इमारत बांधली तेव्हा तो धंदा भरात होता. जॉन वुडने ह्यानंतर दुसरे एक्स्चेंज बांधले ते लिव्हरपूलला, आणि पुढे ह्या धंद्यात ब्रिस्टलला मागे टाकले तेही लिव्हरपूलनेच.

"मग त्यांना इथं विकायचे? ह्या टेबलांवर?"

"नाही गं. ती माणसं इथं यायचीच नाहीत. इथं फक्त हिशेब यायचा."

मी हे तिच्या समाधानासाठी म्हटले; पण म्हणून झाल्यावर माझेच समाधान नाहीसे झाले. रुमालाखालच्या सौद्यात निदान दोन हात तरी एकमेकांना लागतात. इथे सगळे उघड्यावर होते, आणि तरी जे झाकायचे ते झाकलेलेच होते. तबकडीला काठ होता तो पैसा पडू नये म्हणून.

"मग पाडून का नाही टाकली?" भाचीने विचारले. तिचा प्रश्न उगाच नव्हता. ह्याच शहरात एडवर्ड कोल्स्टन नावाच्या माणसाचा पुतळा होता. त्याने शहराला पुष्कळ दानधर्म केला होता, आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. १८९५ साली उभारलेला तो पुतळा ७ जून २०२० रोजी लोकांनी दोर लावून पाडला, ओढत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. नंतर तो बाहेर काढला. आता तो संग्रहालयात आहे. उभा नव्हे, आडवा, अंगावरच्या रंगाच्या फराट्यांसकट.

मी उत्तर शोधू लागलो. वर्गात विद्यार्थ्याने अडचणीचा प्रश्न विचारला की "ते पुढच्या तासाला पाहू" असे म्हणता येते. इथे ती सोय नव्हती. मी म्हटले, "पुतळा म्हणजे नमस्कार असतो. नमस्कार मागे घेता येतो. पण इमारत नमस्कार नाही, ती साक्षीदार आहे. साक्षीदाराला मारून टाकायचं नसतं, त्याला बोलतं करायचं असतं."

"पण ती बोलत कुठं आहे? तू मघाशी म्हणालास, किती छान कोरलंय."

ह्यावर मला बोलता येईना. साक्षीदार उभा असला तरी त्याला प्रश्न विचारणारे कोणी लागते. ते ह्या शहरात झाले, हेही खरे. १७८७ साली टॉमस क्लार्कसन नावाचा एक तरुण इथे आला आणि सेव्हन स्टार्स नावाच्या गुत्त्यात बसून खलाशांच्या जबान्या गोळा करू लागला. त्या पुराव्यांचा उपयोग हा व्यापार बंद पाडण्याच्या चळवळीला झाला. तो गुत्ता आजही आहे. त्याला खांब नाहीत आणि शिखरही नाही.

एवढ्यावर थांबलो असतो, तर दुसऱ्याच्या पापाचा हिशेब करून घरी आलेल्या पाहुण्यासारखा मी सुखाने परतलो असतो. पण त्या पट्टीवर आशियाही आहे.

आजोबा कापडाच्या बाजारातले. आपल्या देशाचे कापड सातासमुद्रापार जाई, हे सांगताना त्यांचा स्वर चढत असे. ते खरेच होते. सुरतेकडून, बंगालातून, मद्रासेकडून ईस्ट इंडिया कंपनी सुती कापड लंडनला नेई. तिथे त्याचा लिलाव होई, आणि त्यांतले पुष्कळसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिले जाई. आफ्रिकी गिऱ्हाईक मोठे चोखंदळ होते. त्यांना हिंदुस्थानचे रंग आणि वीण हवी असे. विणणाऱ्या आमच्या कोष्ट्याला ह्याचा पत्ताही नसणार. कोणाच्या ध्यानीमनी नसताना त्याचा धागा त्या साखळीत ओवला गेला होता.

आणि दुसरी गोष्ट कवड्यांची. पश्चिम आफ्रिकेच्या मोठ्या भागात कवडी हे नाणे होते. ह्या कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. त्या बंगाल आणि सिंहलद्वीपच्या वाटेने, जहाजाला तळाशी वजन म्हणून भरून, लंडनला आणि ॲमस्टरडॅमला जात. तिथून आफ्रिकेला. अठराव्या शतकात अशा अब्जावधी कवड्या गेल्या. तिथे एका माणसाची किंमत हजारो कवड्यांत मोजत. मी वीस वर्षे मराठी शिकवतो. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी', 'कवडीचुंबक' हे शब्द फळ्यावर लिहून त्यांचे अर्थ मी कितीदा सांगितले असतील. कवडीमोल म्हणजे ज्याला काही किंमत नाही ते. कवडीने माणसाचे मोल झाले होते, हे सांगायचे मात्र माझ्याकडून राहून गेले होते.

हे सारे मी भाचीला सांगितले. ती काही बोलली नाही. घरी जाताना बसमध्ये तिने एकदाच विचारले, "आजीच्या देवातल्या कवड्या, त्या पण तसल्याच?"

"त्याच जातीच्या."

आमच्या आईच्या देव्हाऱ्यात तुळजाभवानीच्या टाकापाशी पाच कवड्या असत. आई गेल्यावर बहिणीने त्या इकडे आणल्या. तिच्या देव्हाऱ्यात त्या आहेत.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे राजा राममोहन रॉय यांच्या समाधीला गेलो. शहराच्या जुन्या दफनभूमीत दगडी छत्रीखाली ती समाधी आहे. ती उभारली द्वारकानाथ टागोरांनी. १८३३ च्या २८ ऑगस्टला इंग्लंडात गुलामगिरी रद्द करण्याच्या कायद्यावर राजाची संमती झाली. त्या कायद्याने दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना काहीच नाही. त्यानंतर महिना पुरा व्हायच्या आत, २७ सप्टेंबरला, राममोहन ब्रिस्टलजवळ स्टेपल्टन येथे वारले. सतीच्या चालीविरुद्ध झगडलेल्या ह्या माणसाचे अखेरचे दिवस ह्या गावी गेले. तेव्हा रेल्वे आली नव्हती. उशाशी जे घड्याळ वाजत असेल ते ब्रिस्टलच्या वेळेनेच, म्हणजे त्या मागच्या काट्याने.

परतताना भाची म्हणाली, "आई, कॉर्न स्ट्रीटवरून जाऊ या."

संध्याकाळ झाली होती. बाजार मिटला होता, रस्त्यावर माणसे तुरळक होती. भाचीने खिशातून काहीतरी काढून त्या सगळ्यांत जुन्या, साल नसलेल्या टेबलावर ठेवले. देव्हाऱ्यातली कवडी होती. ती तबकडीवर जराशी घरंगळली आणि काठाला टेकून थांबली. आम्ही तिघेही पाहत राहिलो. कवडी फार लहान दिसत होती.

बहीण रागावेल असे मला वाटले. ती रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "घे गं उचलून. आजीची आहे." भाचीने ती उचलली, फ्रॉकला पुसली आणि मुठीत धरली.

वर घड्याळात दोन्ही काटे आपापल्या वेळेने चालले होते. पहिल्या दिवशी मला वाटले होते की जुना काटा हा गंमत म्हणून ठेवलेला, माझ्या आजोबांच्या मुंबई टाइमसारखा, प्रेमाने गोंजारण्यासाठी. आता वाटते, जुनी वास्तू जपायची ती काही केवळ गोंजारण्यासाठी नव्हे. तिचा मागचा काटा चालू ठेवायचा, म्हणजे सुबक दगडाबरोबर त्या दगडाचा हिशेबही चालू ठेवायचा. तो वाचायला शिकवणारे कोणीतरी प्रत्येक पिढीत लागते. मला ते माझ्या भाचीने शिकवले.

यंदा नवे वर्ग सुरू झाले तेव्हा 'कवडीमोल' हा शब्द आला. तास संपल्याची घंटा झाली तरी मी बोलतच होतो. एका विद्यार्थ्याने धीर करून म्हटले, "सर, वेळ संपली."

मी मनगटाकडे पाहिले. आजोबांचे घड्याळ दहा मिनिटे मागे होते. ते मी अजून पुढे केलेले नाही.